कुजणारी कुंडी : कुठे आणि कधी?

प्लॅस्टिकला पर्याय काय, असा प्रश्न वर्गात निघाला की हल्ली ‘जैवविघटनशील’ हा शब्द हमखास पुढे येतो. रोपवाटिकेपुरता त्याचा अर्थ असा : काळ्या पॉलिथीनच्या पिशवीऐवजी शेणाची, काथ्याची किंवा कागदाच्या लगद्याची कुंडी घ्यायची, रोप कुंडीसकट खड्ड्यात लावायचे आणि कुंडीची माती होऊ द्यायची. कल्पना चांगली आहे. परंतु धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यासारख्या अवर्षणप्रवण भागात ती जशीच्या तशी लागू पडेल असे आम्हाला वाटत नाही.

पिशवीची बाजू घेण्याचा आमचा हेतू नाही. २०१९ साली महाराष्ट्र शासनाने ३३ कोटी वृक्षलागवडीचे उद्दिष्ट ठेवले होते. रोपामागे एक पिशवी आणि पिशवीचे वजन अवघे ३ ग्रॅम धरले, तरी हिशेब ९९० टन पॉलिथीनवर जातो. लागवडीच्या वेळी पिशवी ब्लेडने फाडून बांधावरच टाकली जाते. घाईच्या कार्यक्रमात तर रोप पिशवीसकटच गाडले जाते. शिवाय सोटमूळ पिशवीच्या तळाला टेकले की गोल वळू लागते. मुळाची ती गुंडाळी पुढे सुटत नाही आणि झाडाची पकड कायमची कच्ची राहते.

मार्च २०१८ च्या प्लॅस्टिकबंदी अधिसूचनेत रोपवाटिका, फलोत्पादन व शेती यांच्यासाठी कंपोस्ट होऊ शकणाऱ्या प्लॅस्टिकला सवलत देण्यात आली. आमचा आक्षेप इथून सुरू होतो. ‘कंपोस्ट होणारे’ हे विशेषण एका ठरावीक चाचणीवरून मिळते. सुमारे ५८ अंश सेल्सिअस तापमानाच्या, ओलसर आणि हवेशीर खतात ठेवल्यावर १८० दिवसांत पदार्थातील ९० टक्के कर्बाचा कार्बन डायऑक्साइड व्हावा, अशी तिची अपेक्षा असते. बालाघाटच्या मुरमाड उतारावरील खड्ड्यात ही परिस्थिती येणार कुठून? मे महिन्यात वरची माती तापते खरी, पण त्या वेळी ती ठणठणीत कोरडी असते. जिवाणूंना आणि बुरशींना उष्णतेइतकेच पाणीही लागते.

शेणाच्या किंवा काथ्याच्या कुंडीपुढची अडचण याहून मूलभूत आहे. तिच्याकडून आपण दोन उलट कामे मागतो. रोपवाटिकेत तिने टिकायचे आणि खड्ड्यात कुजायचे. वनीकरणाची रोपे रोपवाटिकेत अनेक महिने, काही तर वर्षभर राहतात. तिथे रोजचे पाणी, ऊब, खतमिश्रित माती, म्हणजे कुजण्याची सगळी सोय असते. पुढे जून-जुलैत रोप माळावर जाते. सप्टेंबरनंतर पाऊस संपतो आणि आठ महिने माती कोरडी. जिथे टिकायला हवे तिथे कुंडी मऊ पडते आणि जिथे कुजायला हवे तिथे तशीच उरते. मऊ पडलेल्या शेणाच्या कुंड्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरल्या की काय होते, ते वेगळे सांगायला नको. काथ्यात लिग्निन भरपूर, म्हणून तो चिवट. पण कोरड्या मातीत त्याची भिंत मुळांना बाहेर पडू देत नाही. कुंडीचा काठ मातीच्या वर राहिला तर तो दिव्याच्या वातीसारखा खालचा ओलावा वर ओढून हवेत सोडतो.

पाण्याचा मुद्दा माठावरून समजावता येईल. माठातले पाणी गार होते, कारण ते भिंतीतून पाझरून बाहेर उडून जाते. सच्छिद्र कुंडीचेही तसेच. मुळे उन्हाळ्यात थंड राहतात हा फायदाच, पण पाणी अधिक द्यावे लागते. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा प्रदेशात ‘पर्यावरणपूरक’ म्हणण्यापूर्वी हे जादा पाणी हिशेबात धरायला हवे.

मग या कुंड्या निकामी म्हणायच्या का? नाही. टोमॅटो, मिरची यांची रोपे चार-पाच आठवड्यांत शेतात जातात. तिथे ठिबकचा ओलावा असतो, कुंडी वेळेवर कुजते. मुळे हलवलेली न सोसणाऱ्या काकडी-दोडक्याला तर पळसाच्या पानांचा द्रोणसुद्धा पुरतो. कागदाच्या कुंडीबाबत एक काळजी घ्यावी. कागदात कर्ब पुष्कळ आणि नत्र नगण्य. तो कुजवताना जिवाणू आसपासच्या मातीतले नत्र उचलतात आणि रोप पिवळे पडते. शेणाला ही खोड नाही.

वनीकरणासाठी मात्र रूट ट्रेनर अधिक योग्य वाटतात. हे जाड प्लॅस्टिकचे, तळ उघडा असलेले साचे. आतल्या उभ्या कडांमुळे मूळ सरळ खाली उतरते आणि तळाशी हवा लागली की त्याचे टोक आपोआप खुंटते. मातीचा गोळा लहान असल्याने पाण्याच्या पाळ्या चुकवून चालत नाही, हे खरे. पण रोप काढल्यावर साचा परत येतो आणि अनेक हंगाम चालतो. उत्तर पुन्हा प्लॅस्टिकच निघाले, म्हणून काही वाचक नाराज होतील.

शाळेत हे पडताळता येईल. शेणकुंडी, काथ्या, वर्तमानपत्राचे चार थर आणि ‘कंपोस्टेबल’ पिशवी यांचे वजन केलेले तुकडे मच्छरदाणीच्या कापडात बांधून ऑक्टोबरमध्ये १५ सेंटिमीटर खोल पुरावेत. एक संच नळाजवळच्या ओलीत, दुसरा मैदानाच्या कोरड्या कोपऱ्यात. अशा अनेक जोड्या पुरून दर महिन्याला एकेक काढावी, धुऊन, वाळवून तोलावी. शेणाचे तुकडे मात्र धुऊ नयेत, पाण्यात विरघळतील. वाळल्यावर मऊ ब्रशने माती झटकावी.