फलंदाज गावसकर आणि कप्तान गावसकर

वाङ्मयाची चर्चा करणाऱ्या मासिकांत क्रिकेटच्या खेळाडूस जागा कां द्यावी, असें एखादा वाचक विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, समाज ज्या पुरुषास आदर्श मानतो त्याच्या गुणदोषांची परीक्षा ही त्या समाजाच्या रुचीचीच परीक्षा होय. महाराष्ट्रांतील मध्यम वर्गानें श्री. सुनील गावसकर यांजवर जें प्रेम केलें तें केवळ धावांच्या राशीमुळें नव्हे. संयम, काटकसर, अभ्यास आणि अब्रूची चाड हे जे गुण आपण घरांत मुलांस शिकवितों, तेच मैदानावर मूर्तिमंत उभे असलेले आपणांस दिसले. म्हणूनच या कारकीर्दीचा विचार कौतुकाच्या पलीकडे जाऊन करणें अवश्य आहे.

फलंदाज म्हणून त्यांची थोरवी वादातीत आहे. १९७१ सालीं वेस्ट इंडीजच्या दौऱ्यांत, आपल्या पहिल्याच मालिकेंत, त्यांनीं चार कसोटी सामन्यांत ७७४ धावा काढल्या. त्या वेळच्या वेस्ट इंडीज संघांत पुढील काळांतील भयंकर वेगवान गोलंदाज नव्हते, हा आक्षेप खरा आहे. परंतु ते आल्यावरही गावसकरांची बॅट थकली नाहीं. १९८३ सालीं दिल्लीस मार्शल आणि होल्डिंग यांच्यासमोर त्यांनीं अवघ्या ९४ चेंडूंत शतक पुरें करून ब्रॅडमन यांच्या २९ शतकांची बरोबरी साधली, आणि त्याच मालिकेंत मद्रासला नाबाद २३६ धावा करून तो विक्रम मागें टाकला. १२५ सामने, १०,१२२ धावा व ३४ शतकें हा त्यांचा अखेरचा हिशेब. हे आंकडे पुढें इतरांनीं ओलांडले; परंतु दहा हजारांचें शिखर प्रथम कोणीं गांठलें, हें त्यामुळें बदलत नाहीं.

दिल्लीच्या त्या शतकावरून एक गोष्ट स्पष्ट होते. चढाई त्यांस येत नव्हती असें नव्हे. ती त्यांनीं जाणून बुजून आवरून धरली होती. ऑफ स्टंपाबाहेरचा चेंडू सोडून देणें हें त्यांच्या हातीं एक शास्त्र झालें होतें. ज्या संघास पराभव अंगवळणीं पडला होता, त्याच्या सलामीच्या फलंदाजानें विकेट न देणें हेंच खरें शौर्य होतें.

मात्र तोच गुण नेतृत्वाच्या आसनावर बसला तेव्हां त्याचें रूप पालटलें. गावसकरांनीं ४७ कसोट्यांत नेतृत्व केलें. त्यांपैकीं ९ जिंकल्या, ८ हरल्या आणि तब्बल ३० अनिर्णित राहिल्या. १९८१-८२ च्या मोसमांत इंग्लंडविरुद्ध मुंबईची पहिली कसोटी जिंकल्यावर उरलेल्या पांचही अनिर्णित झाल्या. मालिका पदरांत पडली, परंतु प्रेक्षकांच्या पदरांत कंटाळा आला. त्यांची बाजूही आम्ही नाकारीत नाहीं. बेदी, प्रसन्ना व चंद्रशेखर यांचें युग संपलें होतें आणि गोलंदाजीचा बहुतेक भार एकट्या कपिल देव यांजवर होता. तथापि फलंदाजाचा संयम त्याच्या एकट्याच्या विकेटीपुरता असतो. कप्तानाचा संयम अकरा जणांस बांधून ठेवितो, हा भेद येथें विसरला गेला असें आम्हांस वाटतें.

याला सबळ पुरावा त्यांनींच दिला आहे. १९८५ सालीं ऑस्ट्रेलियांतील जागतिक स्पर्धेंत एकदिवसीय सामन्यांसाठीं त्यांनीं शिवरामकृष्णन या कोवळ्या लेगस्पिनरवर विश्वास टाकला. धावा जातील ही भीति त्यांनीं बाजूस ठेविली, आणि एकही सामना न हरतां भारतानें ती स्पर्धा जिंकली. हेंच धाडस त्यांनीं कसोटींत वारंवार केलें असतें तर!

अखेरीस १९८७ ची बंगलोरची कसोटी आठवते. ती त्यांची शेवटची. चेंडू हातभर वळत होता, जिंकण्यास २२१ धावा हव्या होत्या, आणि पाकिस्तानचे फिरकी गोलंदाज टपून बसले होते. गावसकर ९६ धावांवर बाद झाले. भारत १६ धावांनीं हरला. शतक हुकलें, सामनाही गेला. तरीसुद्धां आमच्या मतें ही त्यांची सर्वश्रेष्ठ खेळी होय. कारण त्या दिवशीं त्यांचा सारा संयम हार टाळण्यासाठीं नव्हे, तर विजय मिळविण्यासाठीं राबत होता.

शिल्लक टाकणें हा सद्गुण खरा. पण ती कोणत्या दिवसासाठीं टाकली, याचा विसर पडला म्हणजे काटकसरीचा कंजूषपणा होतो. गावसकरांस हा विसर कधीं कधीं पडला. त्यांची वाहवा करणाऱ्या आपल्या वर्गास तो किती वेळां पडतो, हें ज्यानें त्यानें आपल्या मनाशीं पाहावें.