साथीतला हात : आपल्या गिटारवादकांचे तंत्र आणि आपले ऐकणे

मराठीत संगीतावर लिहिणे म्हणजे बहुधा गायकीवर लिहिणे. घराणी, बंदिशी, नाट्यपदे, भावगीते यांविषयी आपल्याकडे बारकाईने लिहिले गेले आहे. वाद्यांत सतार, सरोद, संवादिनी आणि तबला यांनाही समीक्षक लाभले. गिटार मात्र या सगळ्याच्या बाहेर राहिली. ज्या वाद्याने गेल्या साठ-सत्तर वर्षांत आपल्या कानांवर पडलेल्या हजारो गाण्यांना आधार दिला, त्याच्या वादकांविषयी आपल्याजवळ काही किस्से आहेत. पण त्यांच्या हाताविषयी, म्हणजे तंत्राविषयी, फारसे बोलणे नाही. प्रस्तुत लेखाचा विषय हा हात आहे. या वादकांची उपेक्षा झाली याचे कारण त्यांची कला कमी प्रतीची होती हे नव्हे. आपण त्यांना ज्या ठिकाणी ऐकले, ज्या यंत्रावर ऐकले आणि ज्या नावाखाली ऐकले, त्यात ते कारण आहे, असे मला मांडायचे आहे.

मी हे झरी जामणीहून लिहितो आहे, आणि त्याचा विषयाशी संबंध आहे. यवतमाळ जिल्ह्याचे हे टोक तेलंगणाला लागून आहे. कोलामांचे पोड, गोंडांची गावे आणि परधानांची घरे असा हा मुलूख. दिवाळीच्या दिवसांत इथे दंडार निघते, ढोल आणि पेपरे वाजतात. अशा ठिकाणी गिटार हे वाद्य आधी डोळ्यांना दिसले नाही, ते कानांवर आले, आणि तेही रेडिओतून. विविध भारती १९५७ साली सुरू झाली. रेडिओ सिलोन त्याआधीपासून होतेच. दोन कार्यक्रमांमधली मोकळी मिनिटे भरून काढण्यासाठी चित्रपटगीतांच्या धून लावल्या जात. त्यांतली पुष्कळशी वाद्ये ओळखू येत. पण एक आवाज ना सतारीचा होता, ना सारंगीचा. तो गात होता, पण त्याला शब्द नव्हते. ती हवाईयन गिटार होती.

या गिटारचे तंत्र समजून घेतले तर पुढचे पुष्कळसे उलगडते. साध्या गिटारला पडदे असतात. बोटाने तार पडद्याजवळ दाबली की ठरलेला सूर मिळतो. तो किती खरा लागेल हे बनवणाऱ्या कारागिराने आधीच ठरवलेले असते. हवाईयन पद्धतीत गिटार मांडीवर आडवी ठेवतात, तारा उंच उचलून घेतात आणि डाव्या हातात बोटांऐवजी पोलादाची कांडी असते. ती तारेवर नुसती टेकवून सरकवायची. पडद्यांचा उपयोग आता फक्त डोळ्यांना, खुणेपुरता. कांडी केसभर पुढे-मागे झाली की सूर ढळला. उजव्या हाताच्या बोटांत नख्या. सूर छेडल्यावर कांडी किती सावकाश न्यायची, कुठे थांबवायची, थांबल्यावर किती हलवायची यावर सगळे अवलंबून. शिवाय कांडीच्या मागे उरलेल्या तारेचा जो भाग थरथरतो, तो त्याच हाताच्या मोकळ्या बोटांनी शांत ठेवावा लागतो. हे शेवटचे काम ऐकू येत नाही. ते केले नाही, तरच ऐकू येते.

या पद्धतीचे श्रेय एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांवरच्या जोसेफ केकुकू यांना दिले जाते. त्याआधी गॅब्रिएल डॅव्हियन नावाच्या, भारतात जन्मलेल्या एका खलाशाने हवाईत अशी गिटार वाजवली होती, असाही एक दावा आहे. तो खरा मानला नाही तरी एवढे निश्चित की, तारेवर वस्तू घसरवून गाणे काढणे आपल्याला परके नव्हते. दक्षिणेतले गोटुवाद्यम आणि उत्तरेतली विचित्र वीणा याच तत्त्वावर चालतात. म्हणूनच विसाव्या शतकात हवाईयन वादकांनी आपल्याकडे दौरे केले आणि कोलकात्यात हे वाद्य रुजले, तेव्हा ते पाहुण्यासारखे फार दिवस राहिले नाही. बंगालमध्ये ते रवींद्रसंगीत वाजवू लागले. कवी काझी नझरुल इस्लाम यांचे पुत्र काझी अनिरुद्ध हे या वाद्याचे नामवंत वादक झाले.

रेडिओवर आपण ऐकत होतो ते मुख्यतः तिघे: व्हॅन शिपली, हजारा सिंग आणि सुनील गांगुली. लखनौचे शिपली व्हायोलिन आणि गिटार दोन्ही वाजवत, आणि त्यांची इलेक्ट्रिक गिटार आठ तारांची होती. पुण्याचे अ‍ॅकॉर्डियनवादक इनॉक डॅनियल्स यांच्यासह त्यांनी केलेल्या धून पुष्कळ गाजल्या. या ध्वनिमुद्रिकांना 'पार्श्वसंगीत' म्हणून बाजूला सारण्याची आपली रीत आहे. त्या सगळ्याच थोर आहेत असे मी म्हणणार नाही. एकाच साच्याचा ताल, एकाच तऱ्हेची उघडझाप आणि गाण्याचा मुखडा-अंतरा जसाच्या तसा, असे त्यांत पुष्कळ आहे. पण एक प्रयोग करून पाहावा. मूळ गाणे चांगले पाठ असलेली एखादी धून घ्यावी आणि शब्द मनात न म्हणता ती ऐकावी. गायिका जिथे 'ह'कारावर श्वास सोडते, तिथे वादकाने काय केले आहे? कांडी हलकी केली आहे. ती जिथे व्यंजनावर ठेका देते, तिथे त्याने नखीने तार नव्याने छेडली आहे. जिथे एका अक्षरावर तीन सूर आहेत, तिथे छेड एकच आणि सूर तीन. म्हणजे वादक चाल वाजवत नाही, उच्चार वाजवतो आहे. सुनील गांगुलींचा कंप मला कधी कधी फार एकसारखा वाटतो, प्रत्येक दीर्घ सुरावर तोच गोडवा. शिपली धीट आहेत, सूर तोडायला ते भीत नाहीत. अशी तुलना करता येते, याचाच अर्थ इथे शैली आहे. आणि जिथे शैली आहे तिथे समीक्षेला काम आहे.

या वाद्याची खरी परीक्षा रागसंगीतात झाली. मूळचे जोधपूरचे ब्रिजभूषण काबरा (१९३७–२०१८) हे उस्ताद अली अकबर खाँ यांचे शिष्य. त्यांनी गिटारचा मूळ घाट फारसा न बदलता तिला चिकारीची जोड दिली आणि आलाप, जोड, झाला हा सगळा प्रपंच तिच्यावर उभा केला. १९६७ साली निघालेली 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका अनेक वाचकांच्या घरी असेल. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस तिच्यात रागांतून मांडला आहे. तिच्यावर वादक तीन: संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया आणि गिटारवर काबरा. तबल्यावर माणिकराव पोपटकर.

ही मुद्रिका मी आता फक्त गिटारसाठी ऐकतो, आणि तिची बांधणी वेगळीच दिसू लागते. संतूरची तार काडीच्या आघाताने वाजते. आघात झाला की सूर ठिबकतो, तो पुढे ओढता येत नाही. बासरीला सलगता आहे, पण ती श्वासाची, म्हणजे मध्ये तुटणारी. या दोहोंच्या मधली जागा गिटार भरते. अहीर भैरवातला कोमल ऋषभ घ्या. तो एका बिंदूवर उभा राहत नाही, सावकाश झुलतो. पडद्याच्या गिटारवर ते झुलणे तार ओढून थोडेबहुत साधते; काबरांच्या कांडीखाली ते जलाशयावरच्या तरंगासारखे सहज येते. सतारीवर तार खेचून चार-पाच सुरांची मींड निघते, आणि त्यालाही दमदार बोटे लागतात. कांडीला ही मर्यादा नाही, एकाच छेडीत ती सप्तक ओलांडू शकते. उलट जलद तानेत हेच वरदान अडचण होते, कारण सूर एकमेकांत विरघळू पाहतात. काबरा तिथे नखीची छेड वाढवतात, कांडी उचलून ठेवतात, आणि बहुतेक वेळा जलद तानेचा मोहच टाळतात. आपल्या वाद्याला काय शोभते हे ओळखून त्याला नको ते न करणे, हाही तंत्राचाच भाग आहे.

या तिघांपैकी दोघांची नावे पुढे घराघरांत पोचली. चौरसियांना २००० साली आणि शर्मांना २००१ साली पद्मविभूषण मिळाले. ते सर्वथा योग्यच होते. काबरा मात्र जाणकारांपुरते राहिले. देबाशिष भट्टाचार्यांसारखा शिष्य त्यांनी घडवला. विश्वमोहन भट्ट यांना १९९४ साली ग्रॅमी मिळाल्यावर हे वाद्य जगभर पोचले, पण तोवर ते 'मोहनवीणा' झाले होते. 'गिटार' या शब्दाला आपल्या मनात चित्रपटाचा वास होता. संतूर आणि बासरी ही नावे ऐकताच आपण मान झुकवली. गिटार म्हटल्यावर 'हिच्यावर राग?' असा प्रश्न आधी आला. वाद्याच्या नावाने वादकाची प्रत ठरवण्याचे याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही.

आता ज्या चित्रपटामुळे हा प्रश्न आला, त्याकडे वळू. ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर संगीतकार, गीतकार आणि गायक यांची नावे छापली जात, वादकांची क्वचितच. त्यामुळे एकाच तुकड्याबद्दल दोन नावे ऐकू येतात. 'अमर प्रेम'मधल्या (१९७२) 'चिंगारी कोई भडके'च्या सुरुवातीचे गिटारचे श्रेय काही जण भूपिंदर सिंग यांना देतात, तर काही जण भानू गुप्ता यांना. हा वाद रसिकांचा म्हणून गोड वाटतो, पण तो उभा राहतो याचे कारण नोंद नाही हे आहे. ग्रेगरी बूथ यांनी मुंबईच्या वादकांच्या मुलाखती घेऊन 'बिहाइंड द कर्टन' हे पुस्तक २००८ साली प्रसिद्ध केले, तेव्हा ते पडद्यामागचे जग प्रथमच सलग समोर आले. हे काम मराठी मुलखातल्या शहरात, मराठी वादकांच्या शेजारी बसून झाले. त्याची मराठीत चर्चा व्हायला हवी होती.

'कर्ज' (१९८०) या चित्रपटाची गोष्ट तर या परिस्थितीचे रूपकच म्हणता येईल. गिटारवरची एक धून नायकाला मागच्या जन्मातल्या खुनाची आठवण करून देते. ती धून म्हणजे कथेतली साक्षीदार. पडद्यावर गिटार ऋषी कपूरच्या हातात आहे. प्रत्यक्षात वाजवणारा हात गोरख शर्मांचा, संगीतकार प्यारेलाल यांच्या भावाचा. धून देशभर पाठ झाली. हाताचे नाव कितींना ठाऊक आहे?

चित्रपटातल्या या गिटारचे तंत्र हवाईयनहून निराळे आहे. इथे सूर लांबवण्यापेक्षा तो वेळेवर बंद करणे महत्त्वाचे. ताल धरणारा गिटारवादक उजव्या हाताने स्वरसंघ झटकतो आणि पुढच्याच क्षणी डाव्या हाताची पकड सैल करतो, म्हणजे सूर मिटतो. त्या दोहोंमध्ये जी फट राहते, तिच्यात ढोलक आणि तबला श्वास घेतात. हा सैलपणा जरा उशिरा आला की गाणे जड होते. घोडीजवळ तळहाताची कड टेकवून तार अर्धी दाबून ठेवणे ही दुसरी युक्ती. तिने गिटार जवळजवळ तालवाद्य होते. भूपिंदर सिंग (१९४०–२०२२) यांना आपण गझलगायक म्हणून मानतो. पण 'दम मारो दम'च्या आरंभीची त्यांची गिटार ऐकताना लक्षात येते की गायकाचा कान वाद्यात उतरला आहे. तुकडा इवलासा आहे आणि तो पुन्हा पुन्हा येतो. पण प्रत्येक वेळी शेवटचा सूर किती टिकवायचा हे मोजून ठरवलेले आहे.

सर्वांत अधिक उपेक्षा बास गिटारची झाली, आणि तिला एक साधे भौतिक कारण आहे. राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदातले टोनी वाझ खर्जातले सूर वाजवत. ते सूर ट्रान्झिस्टरच्या तळहाताएवढ्या कर्ण्यातून बाहेर पडतच नाहीत. हवाईयन गिटार मात्र बाईच्या आवाजाच्या पट्टीत गाते, म्हणून ती लहान रेडिओवरही स्वच्छ येई. झरी जामणीसारख्या गावांनी वर्षानुवर्षे जी गाणी ऐकली, त्यांत बास गिटार जवळजवळ नव्हतीच. कोणता वादक आपल्याला थोर वाटावा, हे काही अंशी आपल्या हातातल्या यंत्राने ठरवले. आज तीच गाणी चांगल्या हेडफोनवर ऐकली की तळाशी कुणीतरी चालत असल्याचे कळते. तो गाण्याच्या मागे नाही, खाली आहे. त्याच्यावर बाकीचे उभे आहेत.

यावर एक आक्षेप येईल. साथीदाराचे मोठेपण न दिसण्यातच असते. मग त्याला पुढे आणून त्याच्या कलेचाच भंग होत नाही काय? आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. पण त्यात 'साथ' आणि 'दुय्यम' हे दोन शब्द नकळत एक झाले आहेत. आमच्या भागातल्या परधानांची किंगरी या संदर्भात आठवते. तीन तारांचे, गजाने वाजणारे, बिनपडद्याचे हे वाद्य. गोंडांच्या देवांच्या आणि कुळांच्या कथा परधान तिच्यासोबत गातात. बोट तारेवरून घसरते, सूर शब्दाच्या मागून निघतो आणि कधी त्याच्या पुढे जाऊन थांबतो. ही साथच आहे. पण किंगरीशिवाय कथा सांगितली असे तिथे मानत नाहीत, आणि वाजवणाऱ्याचा मान कथेपासून वेगळा काढत नाहीत. पुढे येणे आणि मान मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किंगरी आता थोड्याच हातांत उरली आहे. तरी तिने दिलेला हा निकष चित्रपटाच्या स्टुडिओलाही लावता येतो.

आपल्या समीक्षेजवळ त्यासाठी लागणारे शब्द आहेतच. मींड, कण, घसीट, आंदोलन, चिकारी, आस ही परिभाषा सतार-सरोदासाठी घडली, पण काबरांना आणि शिपलींना ती जशीच्या तशी लागू पडते. कमतरता आहे ती तालाच्या गिटारसाठी. स्वरसंघ झटकणे, मिटवणे, अर्धा दाबणे यांना वादकांच्या बैठकीत जे शब्द रूढ आहेत, ते लेखनात यायला हवेत. त्या पिढीतले फारच थोडे वादक आज आपल्यात आहेत. कोणत्या गाण्यात कोणता हात होता हे त्यांना विचारून लिहून ठेवणे, हे काम तातडीचे आहे. विद्यापीठांच्या संगीत विभागांना ते सहज जमण्यासारखे आहे, आणि एखाद्या हौशी श्रोत्यालाही.

तोवर प्रत्येकाला एक गोष्ट करता येईल. ओळखीचे गाणे लावावे आणि गायक सुरू होण्याआधीचे दहा-पंधरा सेकंद तीनदा ऐकावेत. पहिल्यांदा सूर ऐकावा, दुसऱ्यांदा तो कुठे संपतो ते, आणि तिसऱ्यांदा तो संपवणारा हात.