मक्ता कुणी दिला?

विकणारा एक, घेणारे अनेक, मालाला जवळचा पर्याय नाही आणि नव्या विक्रेत्याला शिरकाव नाही: अर्थशास्त्राच्या पुस्तकात ‘मक्तेदारी’ एवढ्यात उरकते. परीक्षेपुरतं ठीक आहे.

सोलापूरच्या नवी पेठेत या व्याख्येची उलटी बाजू दिसते. कापडाची दुकानं एकमेकांना खेटून. गिऱ्हाईक “शेजारी बघून येतो” म्हणत पायरी उतरू लागलं की आतून हाक येते, “बसा की ओ, किती देणार ते तर बोला!” ज्याच्या गिऱ्हाइकाला ही धमकी देताच येत नाही, तो मक्तेदार.

इंग्रजीतला ‘मोनोपॉली’ मूळचा ग्रीक: एकट्यानं विकणं. रोमचा सम्राट टायबेरियस सिनेटमध्ये तो उच्चारताना, परका शब्द वापरतोय म्हणून आधी माफी मागता झाला. (आपले मंत्री असं काही करतील तर कामकाज चालायचंच नाही.) पण ग्रीक शब्द फक्त स्थिती सांगतो, विकणारा एकटा आहे एवढीच. तो एकटा कसा उरला, यावर गप्प.

मराठी शब्द इथे जास्त बोलका आहे. ‘मक्ता’ अरबीतून आला, ‘कापणे’ या अर्थाच्या धातूच्या गोतातला. ‘इक्ता’ही त्याच घरचा. सरकारनं आपल्या हक्कातून तोडून दिलेला वाटा: ठरीव रक्कम भरा, पुढची वसुली तुमची. म्हणजे मक्ता म्हटला की देणारा आलाच. म्हणून तर आपण चिडून विचारतो, “अकलेचा मक्ता तूच घेतलायस का?” त्यात खोच ‘एकटा’ची नाही, ‘घेतलायस’ची आहे.

सोलापुरात याला जोडीदार आहे, ‘गुत्ता’. ठेकेदार इथे ‘गुत्तेदार’. कन्नडात ‘गुत्तिगे’ म्हणजे ठेका, आणि इथल्या पद्मशाली विणकरांच्या तेलुगूत मक्तेदारीलाच ‘गुत्ताधिपत्यम्’ म्हणतात. ठेक्यापासून मक्तेदारीपर्यंतची वाट मराठी आणि तेलुगू या दोन्ही भाषांनी आपापली काढली, याचं मला फार कौतुक वाटतं.

सरकारला मात्र ‘मक्तेदारी’ हा शब्द स्वतःसाठी नको असतो. 1969 साली उद्योगपतींना आवरायला आला तो ‘मक्तेदारी’ कायदा; पण 1972पासून राज्य सरकार कापसाचं एकमेव खरेदीदार झालं, तेव्हा योजनेचं नाव ‘एकाधिकार’. खरं तर इथे घेणारा एक आणि विकणारे अनेक. या उलट्या मक्तेदारीसाठी अर्थतज्ज्ञ जोन रॉबिन्सन यांनी 1933च्या आपल्या ग्रंथात ‘मोनोप्सनी’ हे नाव रूढ केलं, ग्रीक जाणणाऱ्या एका केंब्रिजकराच्या मदतीनं. शेतकऱ्याला त्या नावाशी कर्तव्य नव्हतं. शेजारच्या राज्यात भाव चढला की कापूस आडवाटांनी सीमा ओलांडायचा, आणि तो अडवायला सरकारला नाक्यांवर माणसं बसवावी लागायची.