दिव्यांग हक्क अधिनियमाची भाषा आणि सिकलसेलग्रस्तांचा रोजगार

कायद्याच्या संहितेचे परीक्षण हे विधिज्ञांचे काम, असा सर्वसाधारण समज आहे. तथापि कोणतीही संहिता ही प्रथम भाषा असते व नंतर आज्ञा. तिच्यात कोणता शब्द कोठे आला, आणि अपेक्षित असूनही कोठे आला नाही, हे पाहणे भाषाभ्यासकाच्या कक्षेत येते. प्रस्तुत टिपणात २०१६ च्या दिव्यांगजन हक्क अधिनियमाची समीक्षा एका मर्यादित प्रश्नापुरती करावयाची आहे. सिकलसेलग्रस्त व्यक्तीला जो कायदा दिव्यांग म्हणतो, तोच तिला शासकीय नोकरीतील आरक्षणातून का वगळतो, हा तो प्रश्न होय. गोंदिया जिल्ह्यात काम करणाऱ्या अभ्यासकाला हा प्रश्न दूरचा वाटू नये.

१९९५ च्या अधिनियमात सात प्रकारची अपंगत्वे होती. १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आलेल्या नव्या अधिनियमाने त्यांची संख्या एकवीस केली, व त्यांत हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे तीन रक्तविकार प्रथमच समाविष्ट झाले. भारतात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीत झाली. पुढे पूर्व विदर्भ हा या रोगाच्या मुख्य प्रदेशांपैकी एक ठरला. माता व पिता या दोघांकडूनही सदोष जनुक आलेल्या व्यक्तीच्या तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या व ताठर होतात, सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदनेचे झटके येतात. केवळ वाहक असलेल्यास सहसा हा त्रास होत नाही. कायदाही त्याला दिव्यांग मानीत नाही.

येथे प्रथम नामाचा विचार करू. 'विकलांग' आणि 'दिव्यांग' या दोन्ही शब्दांत 'अंग' उघड आहे. 'अपंग' हा शब्द अंगाशी जोडला काय किंवा पंगूशी जोडला काय, त्याचा रोख अवयवाकडेच राहतो. सिकलसेलग्रस्ताचे सर्व अवयव जागच्या जागी असतात. दोष रक्तात असतो व तो डोळ्यांना दिसत नाही. कायद्याने चाळीस टक्क्यांच्या मर्यादेसाठी जी इंग्रजी संज्ञा योजिली, ती मूळची भूमापनातील खूण होय. आपल्या शासकीय मराठीत तिचे 'लक्षणीय दिव्यांगत्व' झाले. 'लक्षणीय' म्हणजे लक्षात येण्याजोगे. अर्थात मोजमापाची संज्ञा भाषांतरात दर्शनाची संज्ञा झाली. जे दिसत नाही त्याला हा शब्द सहजासहजी चिकटत नाही.

परंतु सर्व भार भाषांतरावर टाकणे अन्यायाचे होईल, कारण मूळ संहितेतच एक विसंगती आहे. कलम ३२ उच्च शिक्षणात किमान पाच टक्के जागा राखून ठेवते. कलम ३५ खाजगी उद्योगांना अशा व्यक्ती किमान पाच टक्के असाव्यात म्हणून प्रोत्साहन देऊ पाहते. कलम ३७ जमीन, घरे व दारिद्र्यनिर्मूलनाच्या योजनांत पाच टक्के वाटा देते. या तिन्ही कलमांत लाभार्थी एकाच सामान्य संज्ञेने निर्दिष्ट आहे: लक्षणीय दिव्यांगत्व असलेली व्यक्ती. शासकीय नोकऱ्यांत चार टक्के आरक्षण देणारे कलम ३४ मात्र ही संज्ञा उच्चारून लगेच प्रकारांची गणना करू लागते. त्या गणनेत अंधत्व, बधिरत्व, हालचालींचे दिव्यांगत्व, बौद्धिक व मानसिक दिव्यांगत्व आणि यांपैकी एकाहून अधिक असणे एवढेच येते. तिन्ही रक्तविकार तेथे नाहीत. मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन हे दीर्घकालीन मज्जाविकारही नाहीत. परिणामी विद्यार्थी राखीव जागेवर पदवी मिळवितो, आणि तेच प्रमाणपत्र नोकरीच्या दाराशी निरुपयोगी ठरते.

ही गळती आकस्मिक वाटत नाही. कलम ३३ नुसार दिव्यांगांसाठी पदे निश्चित करताना प्रत्येक पदाचे वर्णन क्रियापदांनी केले जाते: बसणे, उभे राहणे, चालणे, वाकणे, उचलणे, पाहणे, ऐकणे. अमुक क्रिया येते किंवा येत नाही, एवढेच या पद्धतीला विचारता येते. सिकलसेलग्रस्ताला यांतील बहुतेक क्रिया बहुतेक दिवशी येतात. त्याची अडचण 'येत नाही' ही नसून 'आज येत नाही' ही आहे. ती क्रियेची नव्हे, काळाची अडचण आहे. आमच्या मते अधिनियमाच्या भाषेतील खरी उणीव हीच: स्थायी अभाव तिला मोजता येतो, अधूनमधून येणारा अभाव मोजता येत नाही. मानसिक आजाराचेही स्वरूप पुष्कळदा असेच असते, आणि तो मात्र कलम ३४ मध्ये आहे. तेव्हा अशा अभावाला जागा देणे अशक्य होते, असे म्हणता येणार नाही.

या उणिवेची किंमत देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांत कळते. येथील रोजगार म्हणजे पावसाळ्यात गुडघाभर चिखलात वाकून केलेली धानाची रोवणी, आणि उन्हाळ्यात तेंदूपानांची तोडणी. गारवा, शरीरातील पाणी कमी होणे आणि अतिश्रम ही वेदनेच्या झटक्याची परिचित कारणे आहेत; म्हणजे जिल्ह्यातील दोन प्रमुख हंगामी कामे नेमकी ती कारणे पुरवितात. मोठ्या शहरातील सिकलसेलग्रस्ताला बैठ्या कामाचे इतर पर्याय असू शकतात. येथे शिक्षक, लिपिक वा तलाठी ही पदेच मुख्यतः तसा पर्याय असतात.

याविरुद्ध एक आक्षेप घेतला जाईल, व तो दुर्लक्षणीय नाही. चार टक्क्यांचा वाटा मुळातच अल्प आहे. त्यात नवे भागीदार आले तर अंध व बधिर उमेदवारांचे काय? म्हणून आहे त्याच वाट्याचे तुकडे करावेत असे आमचे म्हणणे नाही. स्वतंत्र वाटा वाढवावा असे आहे, आणि ते काम संसदेचे आहे. तोपर्यंत 'वाजवी समायोजना'चे तत्त्व उपलब्ध आहे. विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यात ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लेखनिकाची सोय चाळीस टक्क्यांच्या अटीशी जखडता येत नाही, असा निर्णय दिला. मात्र नोकरीतील समायोजन नोकरी मिळाल्यानंतरचे असते; ते दाराआड मिळते, दार उघडीत नाही.

शिक्षणाच्या बाबतीत मार्ग अधिक मोकळा आहे. कलम १७ परीक्षापद्धतीत बदल सुचविताना जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट ही उदाहरणे देते. परीक्षेच्या दिवशी रुग्णालयात असलेल्या विद्यार्थ्याला यांपैकी एकही उपयोगी नाही. त्याला दुसरी तारीख हवी असते, आणि हजेरीच्या नियमात सवलत. तथापि ही केवळ उदाहरणे आहेत, संपूर्ण यादी नव्हे. कलमातील 'यांसारखे' हा शब्द तसे स्पष्ट सांगतो. त्या शब्दाचा अर्थ लावण्यास संसदेची वाट पाहण्याचे कारण नाही. तो अर्थ विद्यापीठांना आपल्या परीक्षानियमांत आजही लावता येईल, व त्याचा आरंभ आपल्यासारख्या विभागांनी करणे उचित होईल.