सॅम्युअल कोलरिज-टेलर : एका उपेक्षित संगीतकाराचें पुनर्मूल्यन

एकच कृति अतिशय लोकप्रिय झाली म्हणजे कर्त्याच्या इतर कृति तिच्या छायेंत कशा झांकोळतात, हें संस्कृत वाङ्मयाच्या अभ्यासकांस नवीन नाहीं. इंग्लंडांतील संगीतकार सॅम्युअल कोलरिज-टेलर (१८७५–१९१२) याची गत अशीच झाली. त्याचा बाप आफ्रिकेंतील सिएरा लिओनचा, वैद्यकी शिकण्यासाठीं इंग्लंडांत आलेला, आई इंग्रज. बाप मायदेशीं परतला आणि मुलगा क्रॉयडन येथें आईजवळ वाढला. १८९० सालीं तो रॉयल कॉलेज ऑफ म्यूझिकमध्यें दाखल झाला व तेथें पुढें स्टॅनफर्डच्या हाताखालीं रचनाशास्त्र शिकला.

ता. ११ नोव्हेंबर १८९८ रोजीं त्याच कॉलेजांत स्टॅनफर्डच्या नेतृत्वाखालीं ‘हायावाथाज वेडिंग फीस्ट’ हें समूहगान प्रथम झालें, आणि तेवीस वर्षांचा हा तरुण एकदम प्रसिद्धीस आला. त्यानें हक्क मात्र प्रकाशकास अवघ्या १५ गिनींस विकून टाकले होते. पुस्तकें अतोनात खपलीं. कर्त्याच्या पदरीं त्यांतलें कांहीं पडलें नाहीं.

या रचनेचा गुण नेमका कशांत आहे? शब्द लाँगफेलोचे. आठ अक्षरांचा चरण, आणि त्यांत जड-हलकें या जोडीचीं चार आवर्तनें. गुरूच्या जागीं आघात धरला तर ही आपली समानिकाच होय. अनुष्टुभाच्या चरणांतही आठच अक्षरें असतात. परंतु त्यांतील पहिलीं चार बव्हंशीं मोकळीं असल्यामुळें हजार श्लोक वाचले तरी कान विटत नाहीं. समानिका शंभर ओळींतच पाळण्यासारखी डोलूं लागते. कोलरिज-टेलर हा ठेका पुष्कळदां तसाच पत्करतो, मात्र त्याखालचे स्वरमेळ व वाद्यांचे रंग सारखे पालटत ठेवतो. तीच लहानशी स्वरपंक्ति फिरून येते ती नव्या वेषांत. आणि समूहाच्या ओघांत एकट्या पुरुषकंठाचें प्रणयगीत येतें तेव्हां श्रोत्यास विसांवा मिळतो. पुढच्या दोन भागांत (१८९९ व १९००) करुणरसाची जागा मोठी, पण तेथें छंदानें संगीतावर मात केली आहे असें आमचें मत आहे.

१९२४ पासून १९३९ पर्यंत लंडनच्या रॉयल आल्बर्ट हॉलमध्यें या त्रयीचे वेषभूषेसह भव्य प्रयोग होत असत. त्या पिसाऱ्याखालीं बाकीचें सारें दडलें.

शब्दांची बेडी नसलेल्या वाद्यवृंदांत हा मनुष्य अधिक मोकळा दिसतो. एल्गारच्या शिफारसीवरून ग्लॉस्टरच्या महोत्सवासाठीं त्यानें १८९८ मध्येंच लिहिलेला ए मायनरमधील ‘बॅलड’ ऐकावा. त्यांतील आवेग पढिक नव्हे. पण आमच्या मतें त्याची खरी परिपक्वता १९०६ च्या ‘सिंफॉनिक व्हेरिएशन्स ऑन ॲन आफ्रिकन एअर’ मध्यें आहे. मूळ चाल अमेरिकेंतील गुलामगिरींतल्या लोकांच्या भक्तिगीताची. १९०५ च्या ‘ट्वेंटी-फोर नीग्रो मेलडीज’ या पियानो-संग्रहांत ती त्यानें आधीं घेतली होती. येथें तीच चाल कधीं शोक, कधीं क्रीडा, कधीं गांभीर्य असे भाव धारण करते, आणि तिचें मूळ कोठेंही लपवलेलें नाहीं. पितृवंशाचा अभिमान त्यानें केवळ भाषणांत मिरविला नाहीं. १९०० च्या लंडन येथील पॅन-आफ्रिकन परिषदेस तो हजर होता, १९०४, १९०६ व १९१० मध्यें अमेरिकेस गेला. पण त्या अभिमानाचा सबळ पुरावा या स्वरपत्रांतच सांपडतो.

व्हायोलिन-कंचेर्तोची कथा दुःखद आहे. स्वरलिपीचे कागद अमेरिकेच्या वाटेवर गहाळ झाले; ते ‘टायटॅनिक’बरोबर बुडाले ही दंतकथा सोडून द्यावी. मॉड पॉवेल या वादकबाईंनीं १९१२ च्या जूनमध्यें कनेक्टिकटांतील नॉर्फोक येथें तो वाजविला. ता. १ सप्टेंबर रोजीं न्यूमोनियानें कर्ता वारला, वय ३७. लंडनांत कंचेर्तो झाला तो ऑक्टोबरांत.

‘थेल्मा’ हा संगीतनाट्यग्रंथ तर नष्ट झाला असेंच कैक वर्षें समजलें जाई. हस्तलिखित ब्रिटिश लायब्ररींत मिळालें आणि २०१२ मध्यें, कर्त्याच्या शतसांवत्सरिक पुण्यतिथीच्या वर्षीं, क्रॉयडन येथेंच त्याचा पहिला प्रयोग झाला. ‘नष्ट’ हा शब्द सूचींत लिहिणाऱ्यांनीं संग्रहालयाचीं कपाटें उघडून पाहिलीं नव्हतीं, एवढाच त्याचा अर्थ. २०२२ सालीं चिनेके वाद्यवृंदानें त्याच्या रचनांचें ध्वनिमुद्रण प्रसिद्ध केलें. ज्यांस स्वरलिपि वाचतां येत नाहीं त्यांनीं त्यापासून आरंभ करावा, आणि ‘हायावाथा’ शेवटीं ऐकावें.