मान आणि धन

आता 'रिस्पेक्ट' घेऊ. ओटिस रेडिंग यांनी ते १९६५ साली लिहिलं, गायलं. त्यात कमावून घरी येणारा पुरुष मान मागतो. १९६७ मध्ये अरेथा फ्रँकलिननं तेच गायलं आणि मागणारी बाई झाली. भूमिका उलटली, असं आपण म्हणतो. पण तेवढंच नाही, बरं का! 'रिस्पेक्ट'चं एकेक अक्षर सुटं करून गाणं मुळात नव्हतंच. ते अरेथाच्या गाण्यात आलं. आम्ही तत्त्वज्ञानवाले विचारणार, मग कर्ता कोण? कागदोपत्री एकटे रेडिंग. अमेरिकेत रेडिओवर गाणं वाजलं की पैसे रचनाकाराला आणि प्रकाशकाला, गायिकेला नाहीत. म्हणजे मान मिळाला, धन नाही. बाईची भूमिका बदलली म्हणताना आपण हा हिशेबही तपासायला हवा.