राग कोणाचा, गाणे कोणाचे? : रोलिंग स्टोन्सच्या ‘अँग्री’वरील वादाच्या निमित्ताने

६ सप्टेंबर २०२३ रोजी लंडनच्या हॅकनी एम्पायर या नाट्यगृहात रोलिंग स्टोन्स या इंग्रज रॉक वाद्यवृंदाने ‘हॅकनी डायमंड्स’ या आगामी अल्बमची घोषणा केली आणि त्याच दिवशी त्यातले ‘अँग्री’ हे गाणे प्रसिद्ध केले. स्वतःच्या नव्या रचनांचा त्यांचा आधीचा अल्बम २००५ सालचा. म्हणजे चाहते अठरा वर्षे थांबले होते. मिक जॅगर ऐंशीचे, कीथ रिचर्ड्स एकोणऐंशीचे, आणि १९६३ पासून ड्रम वाजविणारे चार्ली वॉट्स २०२१ साली वारलेले. २० ऑक्टोबरला अल्बम हाती पडेपर्यंत चाहत्यांत जी वादावादी चालली, ती वरवर पाहता करमणुकीच्या धंद्यातली गोष्ट आहे. परंतु ‘अस्सल कोणते आणि ते कोणी ठरवायचे’ हा प्रश्न तीत ज्या रीतीने विचारला गेला, ती रीत आपल्या चांगल्या ओळखीची आहे. म्हणून या वादाची दखल घ्यावीशी वाटते.

एका पक्षाचे म्हणणे असे की, पहिल्या दोन-चार ठोक्यांतच रिचर्ड्सच्या गिटारची ती तुटक, उसळी घेणारी चाल कानी पडते; म्हणजे जुने स्टोन्स परत आले. दुसरा पक्ष म्हणतो, हे गाणे धुऊन-पुसून, इस्त्री करून आणल्यासारखे आहे. निर्माता अँड्र्यू वॉट तिशीतला, आणि रचनाकार म्हणून जॅगर-रिचर्ड्सच्या जोडीला त्याचेही नाव. ऐंशीच्या माणसाचा गळा इतका नितळ कसा, यात यंत्राची करामत किती, अशी शंका अनेकांनी घेतली. तिसऱ्या पक्षाला वॉट्सवाचून हा वाद्यवृंदच मान्य नाही. चित्रफितीवरूनही भांडण झाले. तीत सिडनी स्वीनी ही तरुण नटी उघड्या मोटारीतून लॉस एंजेलिसच्या रस्त्यावरून जाते आणि कडेच्या जाहिरातफलकांवर स्टोन्सच्या जुन्या प्रतिमा गाऊ लागतात. आजच्या थकलेल्या चेहऱ्यांचा माल कालच्या चेहऱ्यांनी खपवायचा, हा आक्षेप मला रास्त वाटतो.

गंमत अशी की, या तिन्ही पक्षांची मोजपट्टी एकच आहे. १९६८ ते १९७२ या काळातले स्टोन्स म्हणजे मूळ, आणि नवे गाणे त्या मुळाच्या किती जवळ जाते एवढाच काय तो प्रश्न. त्या मुळाच्याही खाली काही आहे काय, हे विचारणारे थोडे.

‘अँग्री’ या नावाने आपला कान टवकारतो. संताप हा दलित कवितेचा प्राणच म्हणून ओळखला गेला, आणि ‘फार संतापता बुवा’ हे प्रस्थापित समीक्षेकडून आपण पुष्कळ ऐकले. पण गाणे ऐकल्यावर कळते की यातला गाणारा मुळी संतापलेलाच नाही. संतापली आहे ती त्याची प्रेयसी. तो तिला समजावतो आहे, आपले काय चुकले म्हणून विचारतो आहे, आणि शेवटी निघून जाण्याची भाषा करतो आहे. ती का रागावली हे गाणे सांगत नाही. तिला बोलायला जागाच दिलेली नाही. ज्याच्यावर राग आहे त्यानेच रागाचे गाणे गायचे, ही मांडणी मला फार बोलकी वाटली. (एका प्रेमकलहावर एवढे ओझे कशाला, असे कोणी म्हणेल. म्हणू द्या.)

कारण ही मांडणी आकाशातून पडलेली नाही. ती ब्लूजची आहे. मिसिसिपीच्या कापूसमळ्यांवर मालकाचे नाव घेऊन गाणे म्हणजे जिवाशी खेळ होता. म्हणून गाण्यातल्या कजाग बाईच्या आड मळ्याचा मालक, मुकादम, तुरुंगाचा अंमलदार यांना ऐकविले जाई, असे ब्लूजच्या अनेक अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. आपल्या तमाशातला सोंगाड्या गवळणीच्या निमित्ताने पुढे बसलेल्या पाटलालाच चिमटे काढतो, तसेच काहीसे. रुसवा, दुरावा, ‘मी चाललो’ ही धमकी या सगळ्या सोंगाला तेथे एक कारण होते. ज्याला मळा सोडून जाण्याची मोकळीक नाही तो ‘चाललो’ म्हणतो तेव्हा त्या शब्दाला धार येते. ‘अँग्री’मध्ये सोंग तसेच आहे, पण त्यामागे दडविण्याजोगे काही उरलेले नाही. गाणे जोरकस आहे, ठेका पायात भिनतो. पण तिसऱ्यांदा ऐकताना पोकळी जाणवते. चाहत्यांना जे खटकले, त्याचे खापर त्यांनी यंत्रावर आणि वॉटवर फोडले. माझ्या मते दोष ध्वनीत कमी आणि आशयात अधिक आहे.

वाद्यवृंदाचे नाव कोठून आले हे चाहत्यांना पाठ असते. मडी वॉटर्स, मूळ नाव मॅकिन्ली मॉर्गनफील्ड, हा मिसिसिपीतल्या स्टोवॉल मळ्यावर राबणारा काळा माणूस. १९४१ साली अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयासाठी अॅलन लोमॅक्स आणि फिस्क विद्यापीठाचे कृष्णवर्णीय अभ्यासक जॉन वर्क यांनी त्याची गाणी मळ्यावर जाऊन मुद्रित केली. १९४३ मध्ये तो मळा सोडून शिकागोला गेला आणि १९५० मध्ये त्याने ‘रोलिन स्टोन’ हे गाणे मुद्रित केले. तेथून हे नाव. ‘हॅकनी डायमंड्स’चे बारावे आणि शेवटचे गाणे हेच आहे. त्यात जॅगरचा आवाज आणि माऊथऑर्गन, रिचर्ड्सची गिटार, एवढेच. त्यात झिलई नाही आणि पाहुण्यांची गर्दीही नाही. म्हातारा गळा येथे म्हातारा म्हणूनच ऐकू येतो. संपूर्ण अल्बममध्ये मला हे गाणे सर्वांत खरे वाटले. वाद ‘अँग्री’च्या वाद्यमेळावर चालला आणि हे गाणे ‘गुरूला वंदन’ एवढ्या दोन शब्दांत बाजूला ठेवले गेले.

वंदन खोटे आहे असे मी म्हणणार नाही. १९६५ साली अमेरिकन दूरचित्रवाणीवर स्टोन्सना बोलावले, तेव्हा हाऊलिन वुल्फ या काळ्या गायकालाही आणा, असा आग्रह त्यांनी धरला होता. १९८१ मध्ये शिकागोच्या एका लहानशा क्लबात ते मडी वॉटर्सबरोबर वाजवायला बसले. आणि मडीनेही ‘रोलिन स्टोन’ रचताना डेल्टात आधीपासून गाइले जाणारे गाणेच हाताशी घेतले होते. पण एकाच आळीतल्यांनी एकमेकांकडून घेणे आणि बाजारपेठ ज्याच्या हातात आहे त्याने घेणे, यांत फरक करावा लागतो. १९६८ च्या अल्बमवर रेव्हरंड रॉबर्ट विल्किन्स यांचे गाणे जॅगर-रिचर्ड्स यांच्या नावावर छापले गेले. दुरुस्ती मागाहून झाली. १९६९ च्या अल्बमवर रॉबर्ट जॉन्सनच्या ‘लव्ह इन व्हेन’ला जॉन्सनचे नाव नव्हते. १९३८ साली मेलेल्या या माणसाच्या गाण्यांवर आता कोणाचा हक्क उरलेला नाही, हा प्रकाशकांचा दावा अमेरिकेच्या अपील न्यायालयाने फेटाळला तो २००० साली. त्याच १९६९ च्या अल्बमवर ‘गिमी शेल्टर’मध्ये काळजाला हात घालणारा आवाज मेरी क्लेटन या कृष्णवर्णीय गायिकेचा, वेष्टनावर तिचे नावही चुकीचे छापले होते.

रिचर्ड्स एक गोष्ट नेहमी सांगत आले. १९६४ साली ते शिकागोच्या चेस स्टुडिओत गेले, तेव्हा मडी वॉटर्स शिडीवर चढून छत रंगवीत होता. चेस घराण्यातल्या मार्शल चेस यांनी असे काही घडल्याचे साफ नाकारले आहे. तरीही ही कथा मोठ्या प्रेमाने सांगितली जाते. गुरू शिडीवर रंगाचा डबा घेऊन उभा आणि शिष्य दारातून आत येतो, हे चित्र शिष्याच्या चाहत्यांना का आवडावे, याचा विचार व्हायला हवा.

१८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केली. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने नाव घेतले काळ्यांच्या लढ्यातले. त्याच वर्षी स्टोन्सच्या अमेरिकेतील दौऱ्यात स्टीव्ही वंडर हा बावीस वर्षांचा काळा कलावंत त्यांच्या आधी रंगमंचावर येऊन गाई. ‘हॅकनी डायमंड्स’मध्ये तोच वंडर ‘स्वीट साउंड्स ऑफ हेवन’ या गाण्यात पियानोवर आहे, आणि गाण्याला जो चर्चचा सूर आहे त्याचा भार बराचसा त्याने उचलला आहे.

चाहत्यांच्या वादात एक प्रश्न मात्र नेमका निघाला, आणि तो विचारणाऱ्यांचे कौतुक केले पाहिजे. शिकागोचा कृष्णवर्णीय बासवादक डॅरिल जोन्स १९९३ पासून या वाद्यवृंदाबरोबर वाजवतो आहे. बिल वायमन गेले, त्यांच्या जागी तो आला. तीस वर्षे झाली, तरी तो सदस्य नाही. नव्या अल्बमवर बास वाजवायला वॉट, रिचर्ड्स, वुड, पॉल मॅकार्टनी, एका गाण्यापुरते खुद्द वायमनही आहेत, जोन्स नाही. याला निव्वळ वर्णद्वेष म्हणून मोकळे होता येणार नाही. इयन स्टुअर्ट हा गोरा पियानोवादकही १९६३ साली सदस्यत्वातून वगळला गेला होता, आणि रॉनी वुड यांनाही कित्येक वर्षे पगारीच राहावे लागले. तरी वुड पुढे भागीदार झाले. २०२४ च्या अमेरिकेतील दौऱ्यात ‘अँग्री’ वाजले तेव्हा ड्रमवर स्टीव्ह जॉर्डन होते आणि बासवर डॅरिल जोन्स. गाण्याचा ठेका या दोघा काळ्या वादकांच्या हाती होता. सदस्य म्हणून नावे होती जॅगर, रिचर्ड्स आणि वुड यांची.